कारकुनाच्या टेबलावरची निवडणूक

निवडणूक म्हटली की आपल्याला रिक्षावरचा भोंगा आठवतो. पण भोंगा वाजायच्या कितीतरी आधी तहसील कचेरीतल्या निवडणूक शाखेत आणि नगरपरिषदेच्या टेबलांवर काम सुरू झालेले असते. आपले मत राहणार की जाणार, हे बरेचसे तिथेच ठरते.

रोहा आणि अष्टमी म्हणजे कुंडलिकेचे दोन काठ, पण नगरपरिषद एकच. या नगरपरिषदेसाठी मतदारांची वेगळी यादी कोणी नव्याने करीत नाही. विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेपर्यंतची धरतात आणि तीच प्रभागांप्रमाणे फोडतात. २ डिसेंबर २०२५ रोजी राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांचे मतदान झाले, त्यासाठी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. त्या तारखेला जे यादीत नव्हते, ते कितीही धावपळ केली तरी बाहेरच राहिले.

यादी फोडणे हे कारकुनाचे सर्वात किचकट काम. समोर प्रभागाचा नकाशा, हातात हजारो नावे, आणि हद्द कुठे रस्त्यावरून जाते तर कुठे नाल्यावरून. घर क्रमांक नीट नसला की अख्खी आळी पलीकडच्या प्रभागात जाऊन बसते. वस्तीतल्या घरांना क्रमांक बहुधा धड नसतात, म्हणून हा फटका आपल्याला जास्त बसतो. नवरा एका प्रभागात आणि बायको दुसऱ्या, असेही होते! मग प्रारूप यादी लागते आणि हरकतींसाठी थोडे दिवस मिळतात. चुकीच्या प्रभागात गेलेले नाव, विधानसभेच्या यादीत असून इथे गळलेले नाव, लेखनिकाची चूक, एवढेच या दिवसांत दुरुस्त होते. नवे नाव घालता येत नाही. धाटावच्या कारखान्यात पाळी करणाऱ्याला यादी पाहायला सवड कुठून मिळणार? म्हणून हे काम घरातल्या शिकलेल्या मुलीने अंगावर घ्यावे. ती ते चोख करील.

खरी वेळ त्याच्याही आधीची असते. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, ज्याला सगळे बीएलओ म्हणतात, तो म्हणजे बहुतेक वेळा आपल्या ओळखीच्या शाळेतले गुरुजी नाहीतर अंगणवाडीतल्या ताई. आपले रोजचे काम सांभाळून त्या उन्हातान्हात दारोदार फिरतात. त्या आल्या की दार लावून घेऊ नका, पाणी द्या आणि कागद काढा. नवीन नावाला नमुना ६, नाव वगळण्याला ७, दुरुस्तीला आणि पत्ता बदलण्याला ८. पूर्वी फक्त १ जानेवारीला अठरा पूर्ण असावी लागत. २०२२ पासून एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची पहिली तारीखही धरतात, आणि सतरा पूर्ण झालेल्याला आगाऊ अर्ज करता येतो.

सर्वात जास्त नावे गळतात ती आपल्या लेकीसुनांची. माहेरचे नाव निघते, सासरचे चढत नाही, आणि पाच-सात वर्षे ती सून कुठल्याच यादीत नसते. मुंबईला कामाला गेलेल्या मुलांची गोष्ट उलटी. त्यांचे नाव इथेही असते आणि तिथेही. दोन ठिकाणी नाव ठेवणे कायद्याने चालत नाही. कुठे राहायचे ते ठरवून एकच ठेवावे.

नगरपालिकेच्या मताला एवढे काय, असे कोणी म्हटले तर आपल्याच जिल्ह्यातले महाड आठवावे. तेव्हा जिल्ह्याला कुलाबा म्हणत. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला, सत्याग्रहानंतर ४ ऑगस्ट १९२७ रोजी तोच रद्द केला. दोन्ही वेळा हात वर केले ते सभासदांनी. मत त्या काळी मालमत्ता आणि कर पाहून मोजक्यांनाच मिळे. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या मताधिकारासाठी साक्ष दिली होती, ती याच काळातली.

ज्यांना राखीव जागेवर उभे राहायचे आहे त्यांचे कागद तर वर्षभर आधी लागतात. धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातीत केंद्राने १९९० मध्ये घेतले, पण दाखल्यावर ‘बौद्ध’ आणि आजोबांच्या नोंदीत ‘महार’ असले की कारकून दुवा मागतोच. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा, जुन्या शाळेतला उतारा, कोतवाल बुकातली नोंद, हे शोधायला महिने जातात. जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत दिले नाही तर निवडून आलेली जागाही जाते. माणूस जिंकून हरतो, आणि प्रभागाला पुन्हा मतदान करावे लागते.

अर्ज कोणताही असो, पावती मागून घ्या आणि रेशनकार्डाच्या पिशवीतच ठेवा. हरकतीच्या दिवशी टेबलापलीकडचा माणूस बहुधा आधी तीच मागतो.