‘स्’ टाइप केले आणि घराला कळले : सर्च सूचनांपासून आपली गोपनीयता कशी जपावी?

लालबागच्या एका चाळीत आम्ही रविवारी मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला बसतो. एकदा एका मुलीने भावाच्या फोनवर ‘स्वाधार योजना’ शोधण्यासाठी ‘स्’ टाइप केले. खाली पहिली सूचना आली ती ‘स्पेशल मॅरेज ॲक्ट नोटीस’ अशी. हा शोध तिचाच होता, दोन दिवसांपूर्वीचा. तिला जातीबाहेर लग्न करायचे होते आणि घरी अजून काही सांगितलेले नव्हते. आई शेजारीच बसली होती.

नंतर ती आम्हाला म्हणाली, “ताई, मी हिस्ट्री पुसली होती हो!”

तिने पुसली होती हे खरेच होते. तरीही सूचना आली. ती कशी, हे आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घेतले पाहिजे.

सूचना येतात कुठून?

ब्राउझरच्या पट्टीत आपण लिहू लागलो की दोन ठिकाणांहून सूचना येतात. पहिले ठिकाण म्हणजे तो फोन किंवा संगणक. त्यात आपण उघडलेल्या साइट, बुकमार्क आणि जुने शोध साठवलेले असतात. दुसरे ठिकाण म्हणजे सर्च इंजिन. सूचना सुरू असतील तर आपण टाइप करत असलेली अक्षरे शोधाचे बटण दाबण्याआधीच सर्च इंजिनकडे जातात आणि तिथून अंदाज परत येतात. लोक जास्त काय शोधतात, आपली भाषा कोणती, आपण कुठे आहोत आणि आधी काय शोधले, यावर हे अंदाज ठरतात.

फोनमध्ये गुगल खाते सुरू असेल तर शोधांची नोंद खात्याच्या ‘वेब आणि ॲप ॲक्टिव्हिटी’मध्येही राहते. ब्राउझरची हिस्ट्री पुसल्याने ही नोंद पुसली जात नाही. त्या मुलीचे नेमके हेच झाले. शिवाय खाते भावाचे होते. म्हणजे ते खाते जिथे जिथे सुरू असेल, तिथे तिचा शोध दिसू शकत होता.

काय करावे?

१. दुसऱ्याच्या फोनवर खासगी काही शोधायचे असेल तर ‘इन्कॉग्निटो’ किंवा ‘प्रायव्हेट’ विंडो उघडा. त्यात कोणत्याही खात्यात लॉगिन करू नका. काम झाले की अशा सगळ्या विंडो बंद करा. मात्र कॉलेज, ऑफिस किंवा इंटरनेट कंपनीपासून ही विंडो आपल्याला लपवत नाही.

२. एखादीच सूचना काढायची असेल तर फोनवर ती दाबून धरा. काढून टाकण्याचा पर्याय येतो. सगळी हिस्ट्री कोरी दिसली तर घरात उलट संशय येतो, हा आमचा अनुभव आहे.

३. गुगल खात्याच्या ‘माय ॲक्टिव्हिटी’मध्ये जाऊन जुने शोध पुसा. ३, १८ किंवा ३६ महिन्यांनी नोंदी आपोआप पुसल्या जातील अशी सोय तिथे आहे. नोंद ठेवणे पूर्ण बंदही करता येते.

४. टाइप करतानाच अक्षरे बाहेर जाऊ नयेत असे वाटत असेल तर सूचनाच बंद करा. फायरफॉक्समध्ये सेटिंग्जच्या ‘सर्च’ भागात, तर क्रोममध्ये गुगल सेवांच्या भागात हा पर्याय मिळतो.

५. गिरगाव, दादर, परळच्या सायबर कॅफेत किंवा अभ्यासिकेत उठण्यापूर्वी लॉगआउट करा. पासवर्ड साठवू का असे विचारले तर ‘नाही’ म्हणा.

सूचना हा पुरावा नव्हे

सूचनांचा उपयोग आहेच. योजनेचे अर्धे नाव आठवत असले तरी पूर्ण नाव सापडते. पण लोक काय शोधतात एवढेच त्या सांगतात, खरे काय ते सांगत नाहीत. एखाद्या समाजाचे नाव टाइप केल्यावर अपमानकारक सूचना आली तर तिची तक्रार करण्याची सोय गुगलवर आहे. ती वापरा. सरकारी अर्ज भरताना पत्त्यात ‘जीओव्ही डॉट इन’ आहे का, तेही पाहा.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टास्वामी खटल्यात गोपनीयता हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. पण दहा बाय दहाच्या खोलीत, चौघांत एक फोन असताना, हा अधिकार आपोआप मिळत नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानुसार लग्नाची नोटीस कार्यालयात लागते आणि हरकतींसाठी ३० दिवस असतात. ती गोष्ट पुढे जाहीर होणारच असते. निदान त्याआधी कायदा काय म्हणतो हे एकटीने, निर्धास्तपणे वाचण्याची मोकळीक तिला हवी. छळाची तक्रार, आजार, गर्भपात, नोकरीतला जातिभेद, या शोधांनाही तीच मोकळीक हवी.

म्हणून पुढच्या रविवारी विहारात किंवा अभ्यासिकेत जमाल तेव्हा दहा मिनिटे काढा. ज्यांच्याकडे स्वतःचा फोन नाही, त्यांना या पाच गोष्टी आधी शिकवा.