दंगलीत झोपलेलं बाळ

चैत्र-वैशाखात खान्देशातल्या गावोगावच्या यात्रा भरतात आणि यात्रा म्हटली की कुस्त्यांची दंगल आलीच. त्याच दिवसांत आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया असते. सासरी गेलेल्या लेकी माहेरी आलेल्या असतात, एखादीच्या कडेवर नवं बाळ असतं आणि ते सगळ्या गावाला बघायचं असतं. त्यातून मामा पैलवान असला, तर भाच्याच्या कपाळाला आखाड्याची माती लागलीच पाहिजे असा त्याचा हट्ट. तेल, ताक, हळद, लिंबू घालून मुरवलेली ती माती आमच्याकडे अंगाऱ्यासारखी मानतात.

चाळीसगाव तालुक्यात आरोग्य उपकेंद्रावर नर्स म्हणून माझी नोकरी झाली. दंगलीच्या दिवशी औषधांची पेटी घेऊन मैदानाच्या कडेला बसायचं काम माझ्याकडे असे. कुणाचा खांदा निखळे, कुणाला ऊन लागे. पैलवानांना बघणारे पुष्कळ असत. माझी नजर बायकांच्या बाजूला, मांडीवरच्या लेकरांकडे जाई. भोंग्याच्या अगदी खाली तीन-चार महिन्यांचं बाळ गाढ झोपलेलं दिसे. वर निवेदक ओरडतोय, ढोल वाजतोय, शिट्ट्या चालल्यात आणि बाळ ढिम्म. आईला म्हटलं की जरा लांब बस, तर शेजारची म्हातारी म्हणे, ‘‘काही नही व्हत सिस्टर, झोपेल शे ना तो.’’ एवढ्या गोंगाटात झोपतो म्हणजे पोरगं पैलवान निघणार, असं कौतुकही व्हायचं.

मला या झोपेचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते. रडणाऱ्या बाळाला आई उचलून बाहेर नेते, झोपलेल्याला कुणी हलवत नाही. लहान बाळ गोंगाटाने गांगरून गेलं की काही वेळा रडण्याऐवजी मिटून जातं. त्याचा मेंदू बाहेरचं घेणं बंद करतो आणि बाळ झोपी जातं. कानाला मात्र पापणी नसते. झोपेतही आवाजाची प्रत्येक लाट आतल्या कानापर्यंत पोचतेच. जाग येत नाही याचा अर्थ इजा होत नाही, असा होत नाही.

आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते. तिच्यात साधारण पंधरा हजार सूक्ष्म केसपेशी असतात आणि आवाज मेंदूकडे पोचतो तो त्यांच्यामार्फत. ही नळी जन्मतःच पूर्ण वाढलेली असते. पोटातलं बाळसुद्धा सहाव्या-सातव्या महिन्यापासून ऐकू लागतं. माणसाच्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, म्हणजे जन्माच्या वेळी मिळालेल्या पेशींवरच जन्मभर ऐकायचं. शिवाय बाळाच्या कानाची बाहेरची वाट आखूड आणि अरुंद असल्याने शिट्टीसारखे चिरके, उंच पट्टीचे आवाज आत मोठ्यांच्या कानापेक्षा जास्त जोराने पोचतात. आईला जी पिपाणी फक्त कर्कश वाटते, ती तिच्या मांडीवरच्या लेकराला त्याहून जड जाते.

आवाज किती वेळ सोसावा याचा एक हिशेब कारखान्यातल्या मोठ्या माणसांसाठी केलेला आहे: ८५ डेसिबल असेल तर दिवसाला ८ तास आणि पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी. ८८ला ४ तास, ९१ला २ तास, ९४ला १ तास, १००ला पाव तास. साधं बोलणं ६०च्या आसपास असतं. बाळांसाठी असा तक्ताच नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ साली मुलं आणि आवाज या विषयावर निवेदन काढलं. कामगारांसाठी ठरवलेल्या मर्यादा मुलांना लावू नयेत, असं त्यांचं म्हणणं आहे. मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप मिळतं. ते अगदी अचूक नसलं तरी अंदाज देतं. भोंग्यापासून दहा पावलांवर त्यात आकडा नव्वदच्या वर गेलेला मी पाहिला आहे.

यात एक दिलासाही आहे. आपली दंगल उघड्या माळावर, नदीकाठी किंवा शाळेच्या पटांगणात होते. उघड्यावर एका भोंग्यापासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. वरच्या हिशेबाने ६ डेसिबल म्हणजे सोसण्याची मुदत चौपट. दहा पावलांवरून वीस, विसावरून चाळीस, चाळिसावरून ऐंशी पावलांवर गेलात, तर १८ डेसिबल कमी झाले. एवढ्याने शंभरचा आवाज ८२वर येतो. बंद सभागृहात हा फायदा मिळत नाही, कारण छपराला आणि भिंतींना आपटून आवाज परत येतो. म्हणून मॅटवरच्या कुस्त्या किंवा कबड्डीचे सामने पत्र्याच्या शेडमध्ये असले, तर तान्ह्या बाळाला नेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. माळावरची दंगल मात्र लांबून, थोडा वेळ, जरूर दाखवा.

खरा शत्रू फटाका. मोठी कुस्ती निकाली झाली, मल्ल चितपट झाला की सुतळी बॉम्ब उडालाच. फटाक्यापासून ४ मीटरवर १४५ डेसिबलपेक्षा मोठा क्षणिक आवाज करणाऱ्या फटाक्यांना आपल्या कायद्याने बंदी आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेने अशा अचानक आवाजासाठी मुलांची मर्यादा १२० धरलेली आहे. म्हणजे नियमात बसणारा फटाकासुद्धा जवळच्या बाळाला घातक ठरू शकतो. मोठा आवाज झाला की कानातला एक चिमुकला स्नायू आखडून थोडा आडोसा करतो, पण फटाका त्याला तेवढाही वेळ देत नाही. बाळ दोन्ही हात फेकून दचकलं, मुठी आवळल्या, दूध पिताना मध्येच सोडलं किंवा खेळता खेळता अचानक डोळे मिटले, तर त्याचं पुरे झालं असं समजून उठावं.

‘कानात कापूस घातलाय ना!’ हे हमखास ऐकू येतं. कापसाचा बोळा मोठा आवाज फारसा अडवत नाही. टोपडं आणि कुंचीही नाही. तो बोळा निघून बाळाच्या तोंडात गेला तर जीव गुदमरायची भीती वेगळीच. दंगलीला नेण्याआधी कानात तेल सोडणं तर अजिबात नको. खरोखर उपयोगी पडतात ती बाळांसाठी बनवलेली, डोक्यावरून पट्टा येणारी आणि दोन्ही कान पूर्ण झाकणारी कानझाकणी. चांगली बसली तर ती वीसेक डेसिबल कमी करतात.

फेब्रुवारी २०१०मध्ये अमेरिकेत मायामीला त्यांच्या फुटबॉलचा अंतिम सामना झाला. न्यू ऑर्लिन्सच्या संघाचा कर्णधार ड्रू ब्रीझ याने जिंकल्यावर आपल्या वर्षभराच्या मुलाला मैदानात उचलून घेतलं. बाळाच्या कानांवर मोठी कानझाकणी होती. तो फोटो जगभर गेला आणि पुष्कळ आईबापांना असं काही मिळतं हे पहिल्यांदा कळलं. बापाच्या आनंदात लेकरू होतं आणि त्याचे कानही झाकलेले होते. आमच्या मामांनी नेमकं हेच करावं असं मला वाटतं.

कारण कुस्ती आमची आहे. १९६२ची महाराष्ट्र केसरी स्पर्धा धुळ्याला झाली, १९६६ची जळगावला. आमच्याच तालुक्यातल्या सायगाव बगळीच्या विजय चौधरींनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ तीन वर्षं गदा आणली, तेव्हा घरोघरी पोरांना तालमीत घालायची भाषा सुरू झाली होती. पूर्वी बायका गच्चीवरून, ओट्यावरून दंगल बघत. आता पोरीही लंगोट कसतात. मार्च २०२३मध्ये सांगलीला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली आणि प्रतीक्षा बागडी जिंकली. लेकीची, बहिणीची कुस्ती बघायला आई मैदानात येणार, आणि आई आली की अंगावर पिणारं बाळ येणार. बाळ आहे म्हणून तिने घरी बसावं, हे मला मान्य नाही. गावाने तिला नीट जागा करून द्यावी, एवढंच मागणं.

उन्हाचं वेगळं सांगायला नको. वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ला टेकतो, तेव्हा संध्याकाळी पाचच्या आत बाळ बाहेर काढू नये. कानझाकणी उन्हात तापतात, आतून घाम येतो. मधून मधून लांब जाऊन ती काढावीत. गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळते, म्हणून त्याआधी गर्दीच्या मध्यावर बाळ नको.

आणि तपासणी. सहाव्या महिन्याच्या आसपास बाळ आवाजाच्या दिशेने मान वळवतं, वर्षाचं होताना एखाद-दुसरा शब्द बोलतं. तसं होत नसेल तर ‘बापही उशिरा बोलला होता’ म्हणून वाट बघत बसू नये. खरं तर प्रत्येक बाळाची श्रवण चाचणी पहिल्या महिन्यातच व्हावी. कानाशी छोटी नळी लावून, बाळ झोपलेलं असतानाच ती होते. सुई नाही, दुखणं नाही. जन्मजात बहिरेपण राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात धरलेलं आहे, तेव्हा गावातल्या आशाताईंना विचारावं. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे कान-नाक-घसा विभागात दाखवता येतं.

यात्रा कमिटीच्या पंचांना मी दर वर्षी भेटते. बायकांच्या बाजूच्या भोंग्याचं तोंड नदीकडे करावं, फटाके मैदानापासून लांब, बांधाच्या पलीकडे उडवावेत आणि निवेदकाने सुरुवातीलाच तान्ही बाळं असलेल्या आयांना मागच्या झाडाखालची जागा दाखवावी, असं मी सांगते. भोंग्याचं तोंड फिरवायला दोन माणसं आणि एक शिडी पुरते. आमच्या गावात ते झालं आहे. फटाक्यांचं अजून पंचांच्या गळी उतरलेलं नाही. आखाजीच्या आधीच्या बैठकीला मी पुन्हा जाणार आहे.