अ‍ॅम्पची कुळकथा

ऑक्टोबर २०२१मध्ये सदबीजच्या लिलावात मॅकिन्टॉश कंपनीचा एक जुना पॉवर अ‍ॅम्प्लिफायर ३,७८,००० डॉलरना गेला. ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक बँडचा गिटारवादक जेरी गार्सियाचा. १९७४च्या ‘वॉल ऑफ साउंड’ या अजस्र ध्वनियंत्रणेतला. त्यावर बडवायझर बिअरच्या जाहिरातीतल्या बडमॅनचं स्टिकर आहे, म्हणून त्याचं नावच ‘बडमॅन’ पडलं. हसू येतं खरं. पण जुन्या फोटोतलं यंत्र ते हेच, हे पटवायला अशी खूणच कामी येते.

गिटारचं तसं नसतं. ती वादकाच्या गळ्यात असते, प्रत्येक फोटोत असते, तिच्या लाकडाच्या रेषाही जुळवून पाहता येतात. अ‍ॅम्प मागे अंधारात. कधी भाड्याचा, ट्रकमध्ये आदळआपट सोसलेला, बिघडला की बदललेला. म्हणून संग्राहक आधी त्याची पाठ उघडतो. पन्नाशीच्या दशकातल्या फेंडर अ‍ॅम्पच्या आत व्हॉल्व्हचा तक्ता चिकटवलेला असतो आणि त्यावर दोन इंग्रजी अक्षरांचा शिक्का. पहिलं अक्षर वर्षाचं, दुसरं महिन्याचं. ‘ए’ म्हणजे १९५१. त्या हिशेबाने ‘आयई’ म्हणजे मे १९५९. स्पीकरवर २२०ने सुरू होणारा आकडा असेल तर तो जेन्सन कंपनीचा. पण यातून वय कळतं, मालक नाही. मालकासाठी फोटो, पावत्या, पत्रं धुंडाळावी लागतात.

पण खरी पंचाईत यंत्राच्या पोटातच आहे. त्यातले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर नावाचे भाग वर्षानुवर्षांत आतून सुकतात. मग अ‍ॅम्प घुमू लागतो, आणि वेळ आली तर ट्रान्सफॉर्मरही जळतो. वाजवायचा तर कपॅसिटर बदलावेच लागतात, आणि बदलले की अस्सलपणाला तेवढी कात्री. जाणते लोक काढलेले भाग पाकिटात घालून अ‍ॅम्पसोबतच जपतात. मला ही तडजोड योग्य वाटते. काचेआड मुका ठेवलेला अ‍ॅम्प बघून काय कळणार?

गायक-गिटारवादक नील यंगने अस्सलपणाचा हा प्रश्न मनावर घेतलेला दिसत नाही. १९५९चा फेंडर डीलक्स त्याने १९६७मध्ये लॉस एंजेलिसच्या एका दुकानातून सुमारे ५० डॉलरना घेतला आणि तोच वर्षानुवर्षं मंचावर वाजवला. मूळच्या ६व्ही६ व्हॉल्व्हच्या जागी त्यात दांडगे ६एल६ बसवलेले, म्हणून तो इतका तापतो की मागे पंखे लावावे लागतात. पायाखालचं बटण दाबलं की ‘व्हिझर’ नावाची मोटरवाली जोडणी अ‍ॅम्पच्या खुंट्या स्वतः फिरवते. आवाज दुसऱ्या कुठल्या सर्किटमधून जायला नको, म्हणून हा खटाटोप. त्याने तसलेच आणखी कितीतरी डीलक्स जमवले. एकही तसा वाजला नाही. नवल नाही. त्या काळच्या रेझिस्टरची मूल्यं मुळातच छापील आकड्याच्या दहा-वीस टक्के इकडेतिकडे असत, वयाने ती आणखी सरकतात.

‘क्वीन’ बँडचा गिटारवादक ब्रायन मेचा डीकी अ‍ॅम्प तर संग्राहकाच्या सगळ्या चाचण्यांत नापास व्हावा. १९७२च्या सुमारास बँडचा बास वादक जॉन डीकनला लंडनमध्ये कचऱ्यात एक सर्किट बोर्ड सापडला. त्याने तो पुस्तकांच्या फळीवर मावेल अशा स्पीकरच्या खोक्यात बसवला आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालवला. ना कंपनीचं नाव, ना एकही खुंटी. पुढे हुबेहूब प्रती करायला घेतल्या तेव्हा शोधाअंती कळलं, तो बोर्ड सुपरसॉनिक पीआर८० नावाच्या साध्या ट्रान्झिस्टर रेडिओतला. ‘क्वीन’च्या ‘प्रोसेशन’ या रचनेतला वाद्यवृंदासारखा गिटारचा थर या डीकीतूनच निघाला. तो अस्सल कशावरून, तर मे आणि डीकन सांगतात म्हणून.