मेडिकलच्या अर्जाआधी थोडा विचार

मुलगी बारावी सायन्सला गेली की वस्तीत सगळे तिला डॉक्टरीण बाई म्हणू लागतात. मिरचीच्या पथारीवर राबणाऱ्या आईने आणि हमालीला जाणाऱ्या बापाने हे स्वप्न पाहिले, तर त्यात वावगे काहीच नाही. नंदुरबारला २०२० साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा हे स्वप्न उंबऱ्याशी आले. पण तिथल्या सुरुवातीच्या १०० जागा काही जिल्ह्यासाठी राखून ठेवलेल्या नव्हत्या. १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात आणि उरलेल्यांसाठी सारा महाराष्ट्र रांगेत असतो.

मग नीटचे गुण कमी पडतात. एक वर्ष थांबायचे, पुन्हा एक वर्ष, लातूरचा क्लास, त्यासाठी कर्ज. इथे आईवडिलांनी मुलीला शांतपणे विचारावे, तुला रोग्याजवळचे काम हवे आहे की डॉक्टरची पाटी? पाटी हवी असली तरी त्यात लाज नाही. पण काम हवे असेल तर दारे पुष्कळ आहेत.

आपल्या जिल्ह्याचेच पाहा. सातपुड्यातील भिल्ल, पावरा बांधवांमध्ये सिकलसेल मोठ्या प्रमाणात आढळतो. आधी रक्ताची साधी सोल्युबिलिटी चाचणी होते. त्यात दोष दिसला, की इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या तपासणीत माणूस रुग्ण आहे की नुसता वाहक, ते कळते. वाहकाला रुग्ण ठरवले तर एखाद्या पोरीचे लग्न मोडते. रुग्णाला वाहक ठरवले तर उपचारच राहतात. हे काम लॅब टेक्निशियनच्या हातचे आहे आणि डॉक्टरचे पुढचे औषध त्याच कागदावर उभे असते.

नर्सचे काम हलके, असे अजून काही घरांत म्हणतात. १८९७ च्या प्लेगात पुण्याजवळ डॉक्टर यशवंतराव उपचार करीत होते आणि रोग्यांना त्यांच्यापर्यंत आणून त्यांची शुश्रूषा करीत होत्या त्यांच्या आई, सावित्रीबाई फुले. त्याच साथीत त्या गेल्या. हलके म्हणणाऱ्यांना एवढे सांगावे.

जीएनएम तीन वर्षांचे आहे आणि ते आर्ट्सच्या मुलींनाही करता येते. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे. त्याला सायन्स लागते आणि त्याची सीईटी वेगळी असते. डी.फार्म दोन वर्षांत होते आणि पुढे बी.फार्मच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळू शकतो. बीएएमएस, बीएचएमएस मात्र नीटशिवाय नाही.

एक गैरसमज आधीच काढून टाकावा. नर्सिंग केले म्हणून पुढे एमबीबीएसला सवलत नाही. पुन्हा नीटच द्यावी लागते, तीही अकरावी-बारावीच्या अभ्यासावर. वयाची वरची अट मात्र नाही. म्हणून चार वर्षे नोकरी करून, घर सावरून मग परीक्षेला बसणे वेडेपणाचे नाही. फक्त ते सोपे आहे असे समजू नये.

फी भरण्यापूर्वी, मग जाहिरात कितीही गोड असो, एकच विचारावे: इथले प्रमाणपत्र कोणत्या परिषदेत नोंदवले जाते? नर्सिंगला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल, औषधशास्त्राला राज्य फार्मसी कौन्सिल, लॅबला पॅरावैद्यक परिषद. नोंदणी नाही तर सरकारी नोकरी नाही, आणि खाजगी दवाखान्यातही पडेल त्या पगारावर राबावे लागते. कुटुंबाचे दागिने अशाच कोर्सांत जातात.

व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर शिष्यवृत्ती हातची जाते, हेही ध्यानात असू द्या. शासनाच्या फेरीतून प्रवेश आणि अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असेल, तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींना मिळते. राखीव जागेसाठी जात वैधता लागते. तो अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत द्यावा. निकालानंतर धावाधाव केली तर पडताळणी समितीच्या दारात वेळ जातो आणि फेरी निघून जाते.