प्रॉक्सी सर्व्हरला ऑपरेटिंग सिस्टीम कुठली? आधी ‘कधीपर्यंत?’ विचारा

नवी पेठेतलं होलसेल दुकान असो की अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं टॉवेलचं युनिट, चार-पाच कॉम्प्युटर एका नेटवर आले की मालकाला दोन गोष्टी हव्या असतात. बिलिंगच्या कॉम्प्युटरवर रील्स चालू नयेत आणि कुठून कुठली साइट उघडली याची नोंद राहावी. त्यासाठी मधे प्रॉक्सी सर्व्हर बसवतात. वेगळं मशीन घ्यायलाच हवं असं नाही. ऑफिसातल्या एखाद्या बऱ्या पीसीवर व्हर्च्युअल मशीन बनवा, त्यात स्क्विड हे फुकट सॉफ्टवेअर टाका, झालं. पण त्या व्हर्च्युअल मशीनमध्ये ऑपरेटिंग सिस्टीम कुठली?

ओळखीची म्हणून हात आधी विंडोजकडे जातो. तिथे लायसन्सचा खर्च, मेमरी जास्त, आणि स्क्विड मुळात युनिक्स-लिनक्सच्या घरचं. क्रॅक केलेली विंडोज टाकून त्यातून दुकानाचं सगळं नेट, बँकेच्या व्यवहारांसकट, फिरवायचं? नको रे बाबा.

मग लिनक्स. इथे लोक कुठलं छान दिसतं यावर भांडतात. तुम्ही एवढंच विचारा, हिला सिक्युरिटी अपडेट कधीपर्यंत मिळणार? सेंटओएस ८ चं उदाहरण घ्या. २०२९ पर्यंत चालेल म्हणून लोकांनी बसवली. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की पुढच्या वर्षअखेरीस बंद, आणि ३१ डिसेंबर २०२१ ला झालीच. सेंटओएस ७ देखील ३० जून २०२४ ला संपली. जुना व्हिडिओ बघून आजही कुणी तीच टाकत असेल, तर तो कुलूप नसलेलं शटर लावतोय.

माझी पसंती डेबियन. १३ नंबरची आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली, तिला तीन वर्षं नेहमीचा आणि पुढे दोन वर्षं वाढीव सपोर्ट आहे. डेस्कटॉप न टाकता बसवा. छोट्या दुकानाला एक कोअर, एक जीबी रॅम पुरते. पण तुमच्या कॉम्प्युटरवाल्याचा हात उबंटूवर बसला असेल तर खुशाल उबंटू २४.०४ एलटीएस घ्या, तिलाही पाच वर्षं अपडेट आहेत. रात्री नेट बंद पडलं तर फोन त्यालाच करायचाय ना!

व्हर्च्युअलबॉक्स वापरत असाल तर नेटवर्क सुरुवातीला ‘नॅट’वर असतं, बाकीचे कॉम्प्युटर प्रॉक्सीपर्यंत पोचत नाहीत. ते ‘ब्रिज्ड’ करा, फिक्स आयपी द्या. स्क्विडचा ३१२८ पोर्ट राउटरवरून बाहेर मात्र उघडू नका, नाहीतर जगातला कुणीही तुमच्या नावावर नेट वापरेल.

नोंदींचंही बघा. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत कंपन्यांना लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलंय, आणि डेबियनची मूळ सेटिंग थोड्याच दिवसांचे ठेवते. ती वाढवा, डिस्क ४० जीबी द्या.

आणि आपल्याकडची लाइट! ती येते, पीसी चालू होतो, पण आतली व्हर्च्युअल मशीन आपोआप उठेलच असं नाही, आणि काउंटरवर गिऱ्हाईक उभं. ऑटोस्टार्ट लावा आणि गिऱ्हाइकी सुरू व्हायच्या आधी पीसी एकदा मुद्दाम बंद-चालू करून बघा.