फुटबॉलचा हंगाम आणि हैदराबादचे रहीमसाहेब

गेल्या हंगामात आपल्या शाळेचा फुटबॉल संघ आंतरशालेय स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात पराभूत झाला. दुसऱ्या दिवशी सायंकाळी आम्ही मैदानावर गेलो तेव्हा अकरांपैकी चारच मुले आली होती. दोघांच्या वडिलांनी तर आम्हांस भेटून स्पष्टच सांगितले, "गुरुजी, हे दहावीचे वर्ष आहे, हरण्यासाठी रोजचा तास कशाला दवडायचा?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर त्या वेळी आम्हांस नीट देता आले नाही. ते या लेखात देण्याचा प्रयत्न करीत आहोत.

प्रथम हंगाम म्हणजे काय ते पाहू. सामने दोन पद्धतींनी खेळले जातात. साखळी पद्धतीत प्रत्येक संघ इतर सर्वांशी खेळतो. एक सामना हरला तरी पुढे सावरण्यास वाव असतो. बाद पद्धतीत मात्र हरणारा संघ तत्काळ घरी जातो. शाळा-महाविद्यालयांच्या स्पर्धा पुष्कळदा बाद पद्धतीच्या असतात. त्यामुळे लोकांस हंगाम म्हणजे ते एक-दोन सामनेच वाटतात. वास्तविक शेतकऱ्याचा हंगाम जसा केवळ कापणीचा दिवस नव्हे, तसा खेळाडूचा हंगाम केवळ सामन्याचा दिवस नव्हे. आमची मातृभाषा कोंकणी. आमच्या मुलखात भाताची कापणी झाली की त्याच मोकळ्या शेतांत मुले चेंडू घेऊन उतरतात, म्हणून ही उपमा आम्हांस सहज सुचली.

हे तत्त्व ज्यांनी आयुष्यभर आचरले असे एक गृहस्थ आपल्याच हैदराबाद शहरात होऊन गेले. त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम. १९०९ साली जन्मलेले रहीमसाहेब उस्मानिया विद्यापीठाचे कला शाखेचे पदवीधर. सिटी कॉलेजच्या आजी-माजी विद्यार्थ्यांच्या 'इलेव्हन हंटर्स' या संघातून ते खेळत. पदवीनंतर त्यांनी पत्करला तो शिक्षकाचा पेशा. शहरातील निरनिराळ्या शाळांत त्यांनी अध्यापन केले आणि पुढे शारीरिक शिक्षणाची पदविकाही मिळवली. १९४३ पासून ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस होते.

१९५० साली त्यांनी हैदराबाद सिटी पोलीस संघास शिकवावयास घेतले, आणि त्या संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ असा सलग पाच वर्षे जिंकला. १९५० च्या ड्युरँड चषकाच्या अंतिम सामन्यात याच संघाने कलकत्त्याच्या बलाढ्य मोहन बागानचा पराभव केला. पुढे संतोष करंडकही हैदराबादने १९५६-५७ व १९५७-५८ असा लागोपाठ दोनदा मिळवला.

हे कसे साधले? रहीमसाहेबांनी ओळखले होते की, आपल्या मुलांना एकट्याने चेंडू पायाशी खेळवीत नेण्याची फार हौस असते. त्यामुळे एकाचे कौतुक होते, पण चेंडू पुढे जाण्यास विलंब लागतो आणि प्रतिपक्षास सावरण्यास वेळ मिळतो. यावर उपाय म्हणून त्यांनी अशा स्पर्धा भरविल्या की, ज्यांत चेंडू खेळवीत नेण्यास मनाईच असे; मिळताच तो सहकाऱ्याकडे द्यावयाचा. त्यायोगे चेंडू येण्यापूर्वीच तो कोणाला द्यावयाचा याचा विचार करण्याची सवय लागली. दुसऱ्या एका प्रकारच्या स्पर्धेत ज्याचा जो पाय दुबळा, त्यानेच खेळण्याचे बंधन असे. उजव्या पायाने खेळणाऱ्याचा डावा पाय तयार झाला म्हणजे त्यास कोठूनही चेंडू मारता येतो. आपले वैगुण्य झाकून न ठेवता त्यालाच रोज कामास लावणे, ही खऱ्या शिक्षकाची रीत होय. गणितात कच्च्या असलेल्या विद्यार्थ्यास आम्ही याहून निराळे काय सांगतो?

रहीमसाहेब भारतीय संघाचेही मार्गदर्शक होते. १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने इराणला १-० असे नमवून सुवर्णपदक मिळवले. परंतु पुढच्याच वर्षी, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये, युगोस्लाव्हियाकडून १-१० असा दारुण पराभव झाला. आमच्या चार मुलांना आम्ही हा आकडा मुद्दाम फळ्यावर लिहून दाखवला. कारण तेथेच गोष्ट संपली नाही. चार वर्षांनी, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये, त्याच मार्गदर्शकाच्या संघाने ऑस्ट्रेलियाचा ४-२ असा पराभव करून उपान्त्य फेरी गाठली व चौथे स्थान मिळवले. त्या सामन्यात मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझा यांनी तीन गोल केले. सिकंदराबादच्या गरीब घरातील तुळसीदास बालाराम याच संघात होते. त्यांना हेरणारेही रहीमसाहेबच.

१९६२ ची जकार्ता येथील कथा तर विलक्षण आहे. रहीमसाहेब त्या वेळी कर्करोगाने ग्रस्त होते. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारतास ०-२ असे हरविले. पुढे बचावपटू जर्नेल सिंग यांच्या डोक्यास दुखापत होऊन टाके पडले. तेव्हा रहीमसाहेबांनी त्यांना आघाडीस खेळविले, आणि उपान्त्य व अंतिम अशा दोन्ही सामन्यांत जर्नेल यांनी गोल केला. ४ सप्टेंबर १९६२ रोजी विरोधात ओरडणाऱ्या प्रचंड जनसमुदायापुढे भारताने त्याच दक्षिण कोरियाचा २-१ असा पराभव केला. पहिला गोल प्रदीपकुमार बॅनर्जींचा, दुसरा जर्नेल यांचा. ११ जून १९६३ रोजी रहीमसाहेबांचे निधन झाले. त्यानंतर आशियाई स्पर्धेतील फुटबॉलचे सुवर्णपदक भारतास आजतागायत लाभलेले नाही. त्यांच्या जीवनावर २०२४ साली 'मैदान' हा चित्रपट निघाला, तेव्हा कोठे याच शहरातील पुष्कळ मुलांना त्यांचे नाव कळले.

आता पालकांच्या प्रश्नाकडे वळू. रोजचा तास हरण्यासाठी नसतो, तसा तो केवळ जिंकण्यासाठीही नसतो. अभ्यास बुडवून खेळा असे आम्ही कदापि म्हणणार नाही. रहीमसाहेब स्वतः पदवीधर शिक्षक होते. परंतु हरल्यानंतर दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर येणे, आपला दुबळा पाय कोणता हे ओळखणे आणि आपल्याजवळचा चेंडू योग्य वेळी दुसऱ्यास देणे, हे तीन धडे पाठ्यपुस्तकातून शिकविण्याची युक्ती आम्हांस अद्याप सापडलेली नाही.

त्या दिवशी आलेल्या चौघांनी दोन विटांमध्ये गोल मांडून केवळ डाव्या पायाने खेळण्यास आरंभ केला. प्रथम पुष्कळ हसू झाले. आठवड्याने सात मुले आली. महिन्याअखेर अकरा पुरी झाली. ज्या दोन पालकांनी आम्हांस प्रश्न विचारला होता, त्यांपैकी एकांचा मुलगा त्यांत आहे. दुसऱ्याचा अद्याप आलेला नाही. त्याची जागा आम्ही राखून ठेवली आहे. यंदाच्या हंगामात आपला संघ जिंकेल की नाही हे आम्ही सांगू शकत नाही. परंतु सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सायंकाळी पाच वाजता मैदान रिकामे नसेल, एवढी ग्वाही देण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.