काट्याला न दिसणारं वजन
मूत्रपिंडाची गोष्ट : लेखांक ९

डायलिसिस युनिटमध्ये आल्यावर पेशंट आधी वजनकाट्यावर उभा राहतो. आलेल्या आकड्यातून ‘ड्राय वेट’, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन, वजा करायचं आणि उरेल तेवढं पाणी यंत्राने काढायचं, हा हिशेब मागच्या लेखात पाहिला. त्या दिवसापुरता तो पुरतो. पेशंटची पुढची वर्षं कशी जातील, हे मात्र काटा सांगत नाही. उलट कधीकधी तो चक्क फसवतो.

समजा, ड्राय वेट ६० किलो ठरलं. पुढच्या सहा महिन्यांत भूक मंदावली, मध्येच दुखणं येऊन गेलं, दंड-मांड्या उतरल्या आणि दोन किलो स्नायू झडला. युनिटच्या फाइलमध्ये ड्राय वेट जुनंच राहिलं. आता हा पेशंट ६० किलोंवर ‘कोरडा’ समजून घरी जातो, तेव्हा त्याच्या अंगात जवळपास दोन लिटर जादा पाणी असतं. बीपी चढतं, हृदयावर ताण येतो, रात्री आडवं झालं की धाप लागते. आणि घरचे समाधानात, की वजन तर टिकून आहे!

स्नायूचं मोल आकड्यांत पहिल्यांदा ठळकपणे दिसलं ते १९९० मध्ये. लॉरी आणि ल्यू या संशोधकांनी अमेरिकेतल्या १२ हजारांहून अधिक डायलिसिस पेशंटच्या रक्ततपासण्या अभ्यासल्या. ज्यांचं अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन कमी, त्यांना मृत्यूचा धोका जास्त, हे समजण्यासारखं होतं. पण ज्यांचं क्रिएटिनिन कमी, त्यांनाही धोका जास्तच निघाला. एरवी क्रिएटिनिन वाढलं की आपण घाबरतो. पण ते तयार होतं स्नायूंत. मूत्रपिंडं जवळजवळ बंद पडल्यावर, डायलिसिसआधीचा कमी आकडा बऱ्याचदा स्नायू झडल्याची खूण असतो.

लठ्ठपणाचं कोडंही इथेच थोडं उलगडतं. डायलिसिसवर जाड माणसं बारीक माणसांपेक्षा जास्त जगतात, असं अनेक पाहण्यांत दिसलं. त्यावरून ‘चरबी चांगली’ असा निष्कर्ष काढणं मला घाईचं वाटतं. बेद्दू आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये बीएमआयसोबत स्नायूंचा अंदाजही घेतला, तेव्हा जास्त बीएमआयचा फायदा चांगला स्नायू असलेल्यांच्या वाट्याला आलेला दिसला. पुढे इटलीतल्या एका अभ्यासात पोटाचा वाढता घेर जास्त मृत्यूंशी जोडलेला आढळला. शिवाय आजारपणानेच माणूस आधी बारीक होतो, हेही विसरायला नको.

आता स्नायू आणि जादा पाणी मोजायचं कसं? ‘बायोइम्पिडन्स’मध्ये हाता-पायाला पट्ट्या चिकटवून, जाणवणारही नाही इतका वीजप्रवाह सोडतात. कमी वारंवारितेचा प्रवाह पेशींना वळसा घालून जातो, जास्त वारंवारितेचा पेशींतूनही जातो. त्यावरून पेशींबाहेरचं आणि आतलं पाणी, आणि सूत्राने स्नायू व चरबी यांचा अंदाज येतो. २००९ मधल्या एका युरोपीय अभ्यासात, जादा पाणी पेशींबाहेरच्या पाण्याच्या १५ टक्क्यांवर असलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका सुमारे दुप्पट होता. २०१५ मध्ये युरोपातल्या ३७ हजारांवर पेशंटची मोजणी प्रसिद्ध झाली. स्नायू आणि चरबी दोन्ही निरोगी माणसांच्या मर्यादेत असलेले सर्वांत जास्त टिकले.

मात्र यंत्र मोजतं ती वीज, बाकी सगळी सूत्रं. ती बहुतांशी पाश्चात्त्य शरीरांवर बेतलेली, आणि आपल्याकडे त्याच बीएमआयला चरबी जास्त असते. शिवाय वरच्या अभ्यासांतले आकडे समूहाचे आहेत, एखाद्याचं आयुष्य त्यांवरून सांगता येत नाही. आणि यंत्र नसलं म्हणून अडतही नाही. दंडाचा घेर टेपने मोजता येतो, मुठीची पकड छोट्या उपकरणाने. आशियाई निकषांप्रमाणे पुरुषांत २८ आणि स्त्रियांत १८ किलोंखालची पकड अशक्त मानतात. एका आकड्यापेक्षा तो दर काही महिन्यांनी कुठे सरकतोय, ते महत्त्वाचं.

घरच्यांसाठी एक विनंती. डायलिसिसपूर्वी डॉक्टरांनी डाळ, अंडी कमी करायला सांगितलेलं असतं. पुष्कळ घरांत तोच कागद डायलिसिस सुरू झाल्यावरही फ्रिजवर चिकटलेला राहतो. आता गरज उलट असते. प्रत्येक हिमोडायलिसिसमध्ये काही ग्रॅम अमिनो आम्लं वाहून जातात, म्हणून दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. पोटॅशियम आणि फॉस्फरस सांभाळून ती कशी द्यायची, हे आहारतज्ज्ञांना विचारून तो कागद बदला. आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा : आमचं ड्राय वेट शेवटचं कधी तपासलंत?